फेरफारांच्या नोंदवहीला प्रश्न विचारताना

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी विचारलं, तत्त्वज्ञानाच्या बाईंचा डेटाबेसशी काय संबंध? संबंध हाच संबंध आहे. मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, आणि रिलेशनल डेटाबेस म्हणजे वेगळ्या वेषातलं तर्कशास्त्रच. एडगर कॉड हे आयबीएममधले गणिती. त्यांनी जून १९७० मध्ये जो लेख लिहिला, त्यातला 'रिलेशन' हा शब्द गणिताचा आणि तर्कशास्त्राचा आहे. टेबलातली प्रत्येक नोंद म्हणजे एक विधान असतं. 'क हा ख चा पालक आहे' हे विधान खरं असेल तर ती नोंद टेबलात असते, नसेल तर नसते. एवढं आज ध्यानात ठेवा, पुढचं सगळं यावरच उभं आहे.

आता व्हर्जन कंट्रोल. श्रोत्यांमध्ये सॉफ्टवेअरची मंडळी आहेत तशी नसलेलीही आहेत, म्हणून एक ओळखीचं उदाहरण घेते. सातबाऱ्यावर जमीन आज कोणाच्या नावावर आहे ते कळतं. ती त्या नावावर कशी आली, वारसाने की खरेदीने, हे फेरफाराच्या नोंदवहीत म्हणजे गाव नमुना सहामध्ये असतं. प्रोग्रामचा आजचा मजकूर हा सातबारा, आणि व्हर्जन कंट्रोल ही फेरफाराची नोंदवही. प्रत्येक फेरफाराला 'कमिट' म्हणतात. आज सगळ्यात जास्त वापरात असलेली नोंदवही म्हणजे गिट. लिनस टॉरवल्ड्स यांनी ती एप्रिल २००५ मध्ये लिहायला घेतली, कारण लिनक्स कर्नलसाठी ते वापरत असलेल्या बिटकीपर या प्रणालीची मोफत सवलत बंद झाली होती.

नोंदवही वाचणं वेगळं आणि तिला प्रश्न विचारणं वेगळं. गिटचा लॉग तुम्हाला कमिट्सची यादी उलगडून दाखवतो, त्यात थोडी चाळणीही लावता येते. पण 'कोणत्या दोन फायली नेहमी जोडीने बदलतात?' असा प्रश्न आला की यादी पुरत नाही. तिथे टेबलं लागतात.

तीन टेबलांत काम भागतं. पहिलं 'कमिट' : हॅश, लेखकाचं नाव, त्याचा ईमेल, लिहिल्याची वेळ, ज्याने ती कमिट प्रत्यक्ष नोंदवली त्याचं नाव आणि वेळ, आणि संदेश. हॅश म्हणजे त्या कमिटच्या मजकुरावरून काढलेला ठसा, सोळाच्या पायातले ४० अंक. दुसरं टेबल 'पालक' : रकाने दोनच, मूल आणि पालक. तिसरं 'बदल' : कमिट, फाइल, किती ओळी आल्या, किती गेल्या.

पालकासाठी वेगळं टेबल कशाला, कमिटच्या नोंदीतच एक रकाना का नाही? कारण पालकांची संख्या ठरलेली नाही. सगळ्यात पहिल्या कमिटला पालक नसतो, साध्या कमिटला एक असतो, दोन शाखा एकत्र केल्या की त्या मर्जला दोन असतात, आणि तीन-चार शाखा एकदम एकत्र करायलाही गिटची ना नाही. एका रकान्यात अनेक किमती कोंबायच्या नाहीत हा कॉड यांचा पहिला नियम. वेगळं टेबल केल्याचा एक मोठा फायदा असा की संबंध दोन्ही बाजूंनी वाचता येतो. गिटच्या पोटात मुलाला पालक माहीत असतो, पालकाला मूल माहीत नसतं. 'या कमिटची मुलं कोण?' असं विचारलं तर गिटला बाकीच्या कमिट्स धुंडाळाव्या लागतात. टेबलात मात्र पालकाच्या रकान्यावर इंडेक्स लावला की झालं. टेबलातल्या संबंधाला पुढची बाजू आणि मागची बाजू असा भेदच नसतो.

ही टेबलं भरायची कशी, हा तंत्राचा भाग, तो थोडक्यात उरकते. एक तर गिटच्या लॉगचं उत्पादन वाचून ती स्वतः भरायची. दुसरं म्हणजे एसक्यूलाइटमध्ये 'व्हर्च्युअल टेबल' नावाची सोय आहे. बाहेरून टेबल दिसतं, पण विचारलं की आत गिट वाचलं जातं. आणि तिसरा मार्ग रिचर्ड हिप यांचा. हे एसक्यूलाइटचे कर्ते. त्यांनी २००७ मध्ये फॉसिल नावाची स्वतःची व्हर्जन कंट्रोल प्रणाली उभी केली आणि तिचं सगळं भांडार एका एसक्यूलाइट फाइलमध्येच ठेवलं. एसक्यूलाइटचा स्वतःचा इतिहास आज फॉसिलमध्ये आहे, म्हणजे डेटाबेसचा इतिहास त्याच डेटाबेसमध्ये राहतो. मला हे फार आवडतं. स्वतःच्या खांद्यावर बसता येत नाही असं आपण वर्गात शिकवतो, इथे हे गृहस्थ खुशाल बसले आहेत.

आता मघाचा प्रश्न, जोडीने बदलणाऱ्या फायलींचा. 'बदल' हे टेबल स्वतःलाच जोडायचं. एकाच टेबलाच्या दोन प्रती समोरासमोर ठेवायच्या आणि म्हणायचं, दोन्हीकडची कमिट एकच हवी, आणि डावीकडच्या फाइलचं नाव उजवीकडच्या नावापेक्षा वर्णक्रमाने आधी यायला हवं. ही दुसरी अट विसरू नका. ती नसेल तर प्रत्येक फाइल स्वतःशीच जोडी जमवेल, आणि खऱ्या जोड्या दोनदोनदा मोजल्या जातील. मग जोडीनिहाय गट करून मोजायचं. एक सावधगिरी : कुणीतरी एका दिवशी सगळ्या फायलींचं नुसतं हस्ताक्षर सुधारलेलं असतं, म्हणजे मोकळ्या जागा वगैरे सारख्या केलेल्या असतात. हजार फायलींची अशी एकच कमिट ४,९९,५०० जोड्या तयार करते. फार मोठ्या कमिट्स आधीच वगळा, नाहीतर उत्तरात तेवढाच एक दिवस दिसेल.

आणि या 'बदल' टेबलाबद्दल एक गोष्ट लोकांना सांगितली की दचकतात. ते टेबल गिटमध्ये नाहीच. गिट प्रत्येक कमिटपाशी सगळ्या मजकुराचं पूर्ण चित्र ठेवतं, बदल ठेवत नाही. बदल हा मुलाचं आणि पालकाचं चित्र शेजारी ठेवून काढलेला निष्कर्ष असतो. मर्जला तर दोन पालक, मग कोणाशी ताडून पाहायचं? फाइलचं नाव बदललं ही गोष्टही कुठे नोंदलेली नसते. जुनी फाइल गेली, नवी आली, दोघींत निदान ५० टक्के साम्य आहे, म्हणून ती तीच, असं गिट अंदाजाने म्हणतं. हा ५०चा आकडा तुम्ही बदलू शकता, आणि बदललात की इतिहास बदलतो. 'पालक' टेबल जसं आहे तसं उचललेलं असतं. 'बदल' हे अनुमान आहे. दोन्ही टेबलं पडद्यावर मात्र एकसारखी दिसतात.

आता मुख्य भागाकडे येते. समजा, एखाद्या प्रोग्राममध्ये सुरक्षेचं भोक सापडलं आणि ते एका कमिटने बुजवलं. एका रुग्णालयाच्या सर्व्हरवर त्याच प्रोग्रामची एक ठरावीक आवृत्ती चालते आहे. त्या आवृत्तीत ही दुरुस्ती आहे का? हा प्रश्न कुतूहलाचा नाही, रात्री झोप लागणार की नाही याचा आहे. आणि त्याचं रूप असं : दुरुस्तीची कमिट ही त्या आवृत्तीच्या कमिटची पूर्वज आहे का?

पालक सापडणं सोपं, 'पालक' टेबलात एकदा पाहिलं की झालं. आजोबा हवेत तर ते टेबल स्वतःशी एकदा जोडा. पणजोबा हवेत, अजून एकदा. पण पूर्वज? किती वेळा जोडायचं ते आधी माहीतच नाही. लिनक्सच्या इतिहासात दहा लाखांहून अधिक कमिट्स आहेत. तेवढे जोड लिहिणार कोण?

ही अडचण डेटाबेसवाल्यांच्या आधी फ्रेगे यांना भेटली होती. गोटलोब फ्रेगे, जर्मन तर्कशास्त्रज्ञ, पुस्तक 'बेग्रिफश्रिफ्ट', साल १८७९. त्यांना संख्यांची मालिका निव्वळ तर्कातून उभी करायची होती, त्यासाठी 'लगेच मागचा' या संबंधावरून 'कधीतरी मागचा' हा संबंध बांधायचा होता. 'आणि असंच पुढे' हे शब्द न वापरता. कारण 'असंच पुढे' म्हणजे काय, तेच तर सांगायचं आहे! त्यांनी काढलेला मार्ग आपल्या भाषेत सांगते. असे गुणधर्म घ्या की जे कोणात असले तर त्याच्या पालकांतही असतातच. आता माझ्या सगळ्या पालकांत असलेला असा प्रत्येक गुणधर्म ज्याच्यात आहे, तो माझा पूर्वज. वर्गात हे सांगितलं की मुलं पाच मिनिटं फळ्याकडे बघत बसायची. तुम्हीही घरी जाऊन सावकाश बघा. यात 'प्रत्येक गुणधर्म' हे शब्द आहेत ना, तिथे मेख आहे. तुम्ही नुसत्या वस्तूंबद्दल बोलत नाही, गुणधर्मांबद्दल बोलता आहात. साध्या, पहिल्या पायरीच्या तर्कभाषेत हे बसत नाही. शंभर वर्षांनी, १९७९ मध्ये, अल्फ्रेड अहो आणि जेफ्री उलमन यांनी कॉड यांच्या बीजगणितापुरतं हेच सिद्ध केलं : जोड, निवड, प्रक्षेप वगैरे नेहमीच्या क्रिया कितीही जुळवल्या तरी 'पूर्वज' हा संबंध कोणत्याही टेबलासाठी चालेल असा लिहिता येत नाही.

म्हणून भाषाच वाढवावी लागली. एसक्यूएलच्या १९९९च्या प्रमाणात 'विथ रिकर्सिव्ह' आलं, एसक्यूलाइटमध्ये ते २०१४ मध्ये पोचलं. त्याची रीत शब्दांत सांगते. एक पिशवी घ्या, तिच्यात आवृत्तीची कमिट टाका. मग पिशवीतली एकेक कमिट घेऊन तिचे पालक शोधा आणि तेही पिशवीत टाका. नवीन काही मिळेनासं झालं की थांबा. पिशवीत जे जमलं ते पूर्वज. एसक्यूलाइटच्या दस्तऐवजात ही क्वेरी समजावण्यासाठी व्हर्जन कंट्रोलच्याच इतिहासाचं उदाहरण दिलेलं आहे, ते जरूर पाहा.

इथे एका शब्दाचा फरक पडतो आणि मशीन आडवं होतं. पिशवीत नवीन भर घालताना 'युनियन' लिहिता येतं किंवा 'युनियन ऑल'. पहिलं आधी आलेली कमिट परत घेत नाही, दुसरं घेतं. 'ऑल' वेगवान असतं अशी ख्याती आहे, म्हणून लोक सवयीने तेच लिहितात. पण इतिहासात शाखा फुटतात आणि पुन्हा मिळतात. फुटून मिळणाऱ्या प्रत्येक ठिकाणी मागे जायच्या वाटा दुप्पट होतात. अशी ३० ठिकाणं एकामागोमाग आली तर वाटा होतात १,०७,३७,४१,८२४. कमिट्स असतात जेमतेम शंभर. 'युनियन' लिहा.

पण गोल फिरत राहायची भीती नाही. कोणी स्वतःचाच पूर्वज निघाला तर? व्यवहारात ते होऊ शकत नाही, आणि त्याचं कारण सुंदर आहे. मुलाचा हॅश काढताना पालकाचा हॅश त्याच्या मजकुरात आधी घ्यावा लागतो. पालक तयार झाल्याशिवाय मुलाचं नावच ठरत नाही. जन्माचा क्रम नावातच गोठलेला आहे. तारखांवर मात्र असा भरवसा ठेवू नका. तारीख ही लिहिणाऱ्याच्या संगणकाच्या घड्याळाची, ती चुकीची असू शकते, मुद्दाम बदलताही येते. मूल पालकाच्या आधी जन्मलं अशा नोंदी खऱ्या भांडारांत सापडतात. क्रम हवा असेल तर 'पालक' टेबलाला विचारा, तारखेच्या रकान्याला नको.

बरं, क्वेरीचं उत्तर आलं. आता रुग्णालयाला काय सांगाल?

क्वेरी म्हणाली 'पूर्वज नाही'. म्हणजे दुरुस्ती नाही? थांबा. लिनक्सच्या जुन्या, स्थिर आवृत्त्या वेगळ्या शाखांवर सांभाळल्या जातात. मुख्य शाखेवरची दुरुस्ती तिथे नक्कल करून आणतात. मजकूर तोच, पण पालक वेगळा, म्हणून हॅश वेगळा. क्वेरीच्या दृष्टीने ही निराळीच कमिट. दुरुस्ती तिथे असते आणि उत्तर 'नाही' येतं. स्थिर शाखांवर अशा नकलेच्या संदेशात मूळ कमिटचा हॅश लिहायची प्रथा आहे, त्यामुळे संदेशाच्या रकान्यातही शोधावं लागतं. आता उलट बाजू. क्वेरी म्हणाली 'पूर्वज आहे'. पण नंतर कुणीतरी ती दुरुस्ती त्रासदायक ठरली म्हणून मागे घेतली असेल तर? मागे घेणं ही नवी कमिट असते, जुनी पुसली जात नाही. दुरुस्ती पूर्वजांत आहे आणि आजच्या मजकुरात नाही. आजोबांच्या नावावर शेत होतं एवढ्यावरून ते आज आपल्याकडे आहे असं होत नाही. म्हणून क्वेरीला दोन पुरवण्या जोडाव्या लागतात : नक्कल शोधायची, आणि माघार शोधायची. एवढं करूनही शेवटी त्या आवृत्तीतली ती फाइल उघडून पाहावी, असं मी म्हणेन.

'नाही' या उत्तराबद्दल अजून थोडं. डेटाबेसमध्ये जे नोंदलेलं नाही ते खोटं, असं धरून चालतात. रेमंड राइटर यांनी १९७८ मध्ये याला 'बंदिस्त जगाचं गृहीतक' असं नाव दिलं. आपल्याकडे भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं, पण अट घालून : वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात टेबलावर घागर दिसत नाही, म्हणून घागर नाही. अंधारात दिसत नाही, यावरून काहीच ठरत नाही. ही अट डेटाबेसवाल्यांनी भिंतीवर लिहून ठेवावी. गिटमध्ये जागा वाचवायला अर्धवट इतिहास उतरवून घेता येतो. त्यावर पूर्वजांची क्वेरी चालवलीत तर ती आनंदाने 'नाही' सांगेल.

लिनक्सचंच बघा. गिटमधला त्याचा इतिहास एप्रिल २००५ मध्ये सुरू होतो, आवृत्ती २.६.१२च्या तयारीच्या टप्प्यावर. कर्नल १९९१चं आहे. मधल्या चौदा वर्षांचा मजकूर एका कमिटमध्ये एकगठ्ठा आला आणि तिच्यावर लेखक म्हणून टॉरवल्ड्स यांचं नाव आहे. 'ही ओळ कोणी लिहिली?' असं तेव्हाच्या एखाद्या ओळीबद्दल विचारलंत तर उत्तर येतं टॉरवल्ड्स. त्या ओळी शेकडो लोकांच्या आहेत. क्वेरी खोटं बोलत नाही, तिला नोंदवहीच्या पहिल्या पानामागचं दिसत नाही, इतकंच.

शेवटचा मुद्दा लेखकाच्या रकान्याचा, आणि इथे माणसांची अब्रू गुंतलेली असते. हॅशमुळे एवढंच कळतं की कमिट तयार झाल्यावर तिच्यात फेरफार झालेला नाही. तिच्यात लिहिलेलं नाव खरं आहे, हे हॅश सांगत नाही. नाव आणि ईमेल ज्याचे त्याने आपल्या संगणकावर टाइप केलेले असतात. डिजिटल सही असेल तर गोष्ट वेगळी. एरवी हा रकाना म्हणजे शब्दप्रमाण, बोलणारा आप्त आहे का ते तुम्हीच बघायचं.

एप्रिल २०२१ मधलं प्रकरण तुमच्यातल्या काहींना आठवत असेल. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रयोग केला होता. लिनक्सचे देखभालकर्ते मुद्दाम दोष घातलेली दुरुस्ती ओळखतात की नाही हे बघायला त्यांनी ऑगस्ट २०२० मध्ये तशा काही दुरुस्त्या पाठवल्या, कोणाला न सांगता. ते उघड झाल्यानंतर, पुढच्या वर्षी त्याच विद्यापीठाकडून पुन्हा संशयास्पद दुरुस्त्या आल्या, तेव्हा ग्रेग क्रोह-हार्टमन चिडले आणि त्या विद्यापीठाच्या ईमेलवरून आलेल्या जुन्या कमिट्स मागे घेण्यासाठी १९० पॅचेसची मालिका त्यांनी मांडली. त्यांचा राग मला समजतो. देखभाल करणाऱ्यांचा वेळ आणि विश्वास ही काही प्रयोगशाळेतली उंदरं नव्हेत.

पण क्वेरी बघा. ईमेलच्या रकान्याचा शेवट विद्यापीठाच्या नावाने होतो अशा सगळ्या कमिट्स द्या, असा हा प्रश्न. उत्तर अचूक येतं. त्या उत्तरात अनेक वर्षांत प्रामाणिकपणे काम केलेले विद्यार्थी आणि कर्मचारी येतात. आणि प्रयोगातल्या दुरुस्त्या? त्या टोपणनावांनी, विद्यापीठाबाहेरच्या ईमेलवरून पाठवल्या होत्या. ज्यांच्यासाठी ही चाळणी लावली ते तिच्यात सापडण्याची सोयच नव्हती. लिनक्स फाउंडेशनच्या तांत्रिक सल्लागार मंडळाने मे २०२१ मध्ये अहवाल दिला. एकूण ४३५ कमिट्स पुन्हा तपासल्या गेल्या होत्या आणि त्यातल्या बहुसंख्य बरोबर निघाल्या. ही तपासणी क्वेरीने झाली नाही. वेगवेगळ्या भागांच्या देखभालकर्त्यांनी आपापलं काम बाजूला ठेवून त्या कमिट्स एकेक करून पुन्हा वाचल्या.

प्रश्न घेऊया आता. मागे कोणीतरी केव्हाचा हात वर केलाय.